रिपोर्ट सर्व्हरवर अनोळखी अ‍ॅडमिन: अपग्रेड मारून मोकळं व्हावं का?

आडवातिडवा
मंडळी, जरा घाईत लिहितोय. एका कंपनीचा टेलेरिक रिपोर्ट सर्व्हर (डेटाबेसमधून रिपोर्ट काढून लोकांना देणारं सॉफ्टवेअर) नुकताच आमच्या टीमच्या गळ्यात पडलाय. आधी तो सांभाळणारी एजन्सी कंत्राट संपवून गेली. हस्तांतर म्हणून एक एक्सेल शीट मिळाली, तिच्यातले निम्मे पासवर्ड चालत नाहीत. आवृत्ती पाहिली आणि पोटात गोळाच आला: १०.०.२४.३०५. म्हणजे सीव्हीई-२०२४-४३५८ वाली (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा नोंदणी क्रमांक). वर सर्व्हर थेट इंटरनेटवर, कारण कंपनीचे ग्राहक बाहेरून लॉगिन करून आपापले रिपोर्ट बघतात.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा सर्व्हर नव्याने बसवला की एक पान उघडतं, तिथे पहिला अ‍ॅडमिन तयार करायचा असतो. त्याचा पत्ता स्टार्टअप/रजिस्टर. एकदा सेटअप झालं की त्या पत्त्याचं काम संपतं. पण मागचा कोड 'सेटअप आधीच झालंय का' हे तपासतच नव्हता. त्यामुळे कुणीही, कसलंही लॉगिन नसताना, तिथे एक पोस्ट रिक्वेस्ट (सर्व्हरला माहिती पाठवणारी विनंती) पाठवून स्वतःला सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून घेऊ शकतो. सीव्हीएसएस, म्हणजे त्रुटीच्या गांभीर्याचे गुण, दहापैकी ९.८. दुरुस्त आवृत्ती १०.१.२४.५१४ मे २०२४ मध्येच आली होती, ती इथे कुणी टाकलीच नाही.

आता खरी गोम. युजर्सच्या यादीत एक लोकल खातं दिसतंय, नावात 'सपोर्ट' आहे आणि रोल अ‍ॅडमिनचा. कंपनीत कुणालाच ते ओळखीचं नाही. आज रात्री ते खातं उडवून, अपग्रेड मारून विषय संपवावा असं मॅनेजरसाहेबांचं म्हणणं. तसं करावं का?

जुनी_खोड
खातं उडवू नका. आत्ता तरी नाही.

आधी स्टार्टअप/रजिस्टर बंद करा. आयआयएसमध्ये (विंडोजचा वेब सर्व्हर) यूआरएल रीराइट मॉड्यूल लागेल, ते आयआयएससोबत आपोआप येत नाही, वेगळं बसवावं लागतं. त्यात 'रिक्वेस्ट ब्लॉकिंग'चा नियम घाला, पॅटर्न म्हणून तो पत्ता द्या. कंपनीने स्वतःच हा तात्पुरता उपाय सांगितला होता. नियम वेब कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिला जातो आणि ती फाइल बदलली की अ‍ॅप्लिकेशन पुन्हा सुरू होतं, म्हणजे चालू असलेला एखादा मोठा रिपोर्ट तुटेल. तुटू द्या.

मग व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) घ्या, मेमरीसकट. रीस्टार्ट करायच्या आधी. अपग्रेडच्या नादात लोक मशीन रीस्टार्ट करतात आणि मेमरीत जे काही बसलेलं असतं ते कायमचं जातं. त्यानंतर युजर्सची पूर्ण यादी, त्यांचे रोल, शेड्यूल, डेटा सोर्स यांचे स्क्रीनशॉट. हे झालं की मग खातं निष्क्रिय करा. निष्क्रिय, डिलीट नव्हे.

दार लावणं हे एक काम आणि आत कोण येऊन गेलं हे शोधणं हे दुसरं. अपग्रेडने पहिलं होतं. तुमच्या मॅनेजरसाहेबांना पहिलंच दिसतंय.

चौकस
माझा प्रश्न बाळबोध वाटेल. रिपोर्ट सर्व्हरचा अ‍ॅडमिन झाला म्हणजे फार तर सगळे रिपोर्ट दिसतील ना? विक्रीचे आकडे फुटले, वाईट झालं, पण सर्व्हर काही त्याच्या ताब्यात गेला नाही. मग ९.८ कसं?

निळाई
@चौकस, प्रश्न बाळबोध नाही. बऱ्याच वरिष्ठ मंडळींचाही हाच समज असतो आणि म्हणूनच हे सर्व्हर कोपऱ्यात धूळ खात पडतात.

रिपोर्ट सर्व्हरचं कामच मुळी दुसऱ्यांच्या डेटाबेसमध्ये डोकावण्याचं. हिशेबाचा डेटाबेस, विक्रीचा, मनुष्यबळाचा, गोदामाचा, सगळीकडे त्याला लॉगिन दिलेलं असतं. त्या लॉगिनची कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड) त्याच्या स्टोरेजमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवलेली असते हे खरं. पण रोज सकाळी सातचा रिपोर्ट कुणी माणूस न बसता निघायचा तर सर्व्हरला ती स्वतःची स्वतः उघडता आली पाहिजे. म्हणजे किल्ली त्याच मशीनवर हवी. टेलेरिकमध्ये ती वेब कॉन्फिगमध्ये असते. त्या मशीनवर ज्याला फाइल वाचता आली, त्याला आतले सगळे पासवर्ड वाचता आले.

आता 'फाइल वाचणार कशी' हा तुझा पुढचा प्रश्न असेल. तर ४३५८ एकटी आली नव्हती. सीना खेरखाह या संशोधकाने ३ जून २०२४ ला जे प्रसिद्ध केलं त्यात दोन भोकं एकाला एक जोडली होती. पहिल्याने अ‍ॅडमिन व्हायचं. दुसरं सीव्हीई-२०२४-१८००, डीसिरिअलायझेशनचं, म्हणजे फाइलमधल्या मजकुरातून ऑब्जेक्ट उभे करण्यातलं. रिपोर्टची फाइल हा वरवर निरुपद्रवी प्रकार, टीआरडीपी म्हणजे आत एक्सएमएल असलेली झिप. पण ती उघडताना सर्व्हर त्या एक्सएमएलमध्ये लिहिलेल्या ऑब्जेक्ट्सची जुळणी करतो. कोणते ऑब्जेक्ट बनवू द्यायचे याची नीट गाळणी नसेल, तर रिपोर्टच्या नावाखाली हवी ती आज्ञा सर्व्हरवर चालवता येते. ही दुसरी पायरी चढायला खातं लागतं, आणि खातं पहिल्या पायरीवर फुकट मिळत होतं. १८०० ची दुरुस्ती आधीच आली होती, आडवातिडवा यांच्या आवृत्तीत ती असायला हवी. पण त्यावर निवांत होऊ नका, त्याबद्दल खाली लिहिते.

शिवाय फायरवॉल. बहुतेक ठिकाणी डेटाबेस सर्व्हरपर्यंत मोजक्याच मशीनना वाट असते आणि रिपोर्ट सर्व्हर त्या मोजक्यांपैकी एक असतो. आज्ञा तिथे चालली की पुढची वाट तुम्हीच खोदून ठेवलेली आहे.

आवृत्तीबद्दल: ५१४ वर थांबू नका. जुलै २०२४ मध्ये पुन्हा डीसिरिअलायझेशनचंच सीव्हीई-२०२४-६३२७ आलं, गुण ९.९, दुरुस्ती १०.१.२४.७०९ मध्ये. शेवटच्या आकड्यात तारीख असते बघा, ७०९ म्हणजे नऊ जुलै. जुन्या चेकलिस्टमध्ये ५१४ लिहिलंय म्हणून तेवढंच टाकणारे लोक मी पाहिलेत. थेट आज उपलब्ध असलेली सगळ्यात नवी घ्या.

खडूस
एक्सेलमधले पासवर्ड लागत नाहीत ही त्या एजन्सीची एकमेव सुरक्षा-कामगिरी दिसते.

सावकाश
मी जरा उलट बाजू मांडतो, शिव्या खायची तयारी ठेवून. मी बदल-मंजुरीच्या समितीवर बसतो. दर आठवड्याला कुणीतरी ९.८ घेऊन येतं आणि 'आजच्या आज' म्हणतं. महिनाअखेर असते, हिशेबवाल्यांचे रिपोर्ट चालू असतात, अपग्रेड फसलं तर त्याच सुरक्षावाल्यांचा फोन लागत नाही. त्यात आमचे दोन रिपोर्ट सर्व्हर फक्त अंतर्गत नेटवर्कवर आहेत, बाहेरून कुणाला दिसतही नाहीत. त्यांच्यासाठी एवढी आग लावायची गरज आहे का? ठरलेल्या खिडकीत, चाचणी करून, शांतपणे का नको?

जुनी_खोड
@सावकाश, तुमचं निम्मं पटलं. अपग्रेड चाचणी करूनच व्हावं. पण तोवर नियम घालायला कोणती महिनाअखेर आडवी येते? पत्ता बंद केल्याने एकही रिपोर्ट अडत नाही, कारण सेटअप संपल्यावर त्या पत्त्याचा कुणालाच उपयोग नाही. समितीत दोन वेगळे बदल मांडा. नियम आज. अपग्रेड तुमच्या खिडकीत.

अंतर्गत म्हणजे सुरक्षित हे मात्र पटत नाही. आतल्या नेटवर्कवर शेकडो लॅपटॉप असतात. त्यांतल्या एकावर कुणी फसव्या मेलमधली फाइल उघडली की हल्लेखोर 'आत'च असतो, आणि मग तो पहिल्यांदा हेच शोधतो: पासवर्ड न विचारता आत घेणारं एखादं मशीन. इंटरनेटवरच्या सर्व्हरला तासांचा हिशेब, आतल्याला दिवसांचा, इतका फरक मी मान्य करीन. महिन्यांचा नाही.

अमेरिकेच्या सीसा या सायबर-सुरक्षा संस्थेने हे भोक १३ जून २०२४ ला 'प्रत्यक्ष वापरलं जात असलेल्या' त्रुटींच्या यादीत टाकलं आणि तिथल्या सरकारी खात्यांना ४ जुलैपर्यंत मुदत दिली. तीन आठवडे. सरकारी खात्यांना!

सावकाश
दोन वेगळे बदल, हे चालेल. समितीतही चालेल, कारण पहिला मागे घ्यायला एक मिनिट लागतं. लिहून घेतलं.

पाणवठा
हा एकट्या टेलेरिकचा रोग नाही. रिपोर्टिंगच्या क्षेत्रात हाच साचा पुन्हा पुन्हा दिसतो.

मेटाबेस या रिपोर्टिंगच्या साधनाचं घ्या, जुलै २०२३, सीव्हीई-२०२३-३८६४६. पहिल्या सेटअपसाठी एक टोकन (परवान्यासारखा गुप्त मजकूर) असतं, ते सेटअप झाल्यावर पुसलं जायला हवं होतं. ते पुसलं जात नव्हतं, आणि लॉगिन न करता उघडणाऱ्या एका एपीआयमध्ये चक्क दिसत होतं. ते घ्यायचं, सेटअपच्या 'डेटाबेस जोडून बघा' या सोयीला द्यायचं आणि सर्व्हरवर आज्ञा चालवायची. दुरुस्ती ०.४६.६.१ मध्ये. सुपरसेट या दुसऱ्या साधनात वेगळी गंमत: सेशनच्या कुकीवर (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण) सही करायची गुप्त किल्ली सोबत नमुन्यादाखल यायची आणि कितीतरी लोकांनी ती बदललीच नाही. किल्ली सगळ्यांना ठाऊक, मग कुणीही घरी बसून अ‍ॅडमिनची कुकी तयार करावी. २०२३ मधल्या २.१ पासून नमुन्याची किल्ली तशीच ठेवली तर सर्व्हर सुरूच होत नाही. हा उपाय मला सगळ्यात आवडला. सूचना लिहिण्यापेक्षा सुरू व्हायलाच नकार.

आमच्याकडे एसएपी बिझनेसऑब्जेक्ट्स हे रिपोर्टिंगचं साधन आहे. तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-४१७३० आलं, तेही ९.८. एंटरप्राइझ ऑथेंटिकेशनवर सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश) चालू असेल तर एका रेस्ट एंडपॉइंटवरून कुणालाही लॉगऑन टोकन मिळत होतं. एसएपी नोट ३४७९४७८. आमच्या बेसिसवाल्यांनी (एसएपी सांभाळणारी टीम) पहिल्यांदा काय केलं असेल तर पॅच डाउनलोड करायच्या आधी ती सेटिंग चालू आहे का ते बघितलं. आमच्याकडे बंद होती. पॅच तरीही टाकला, पण शांत डोक्याने.

खडूस
म्हणजे दरवेळी चोर मागच्या दाराने नाही, वास्तुशांतीचं आमंत्रण दाखवून पुढच्या दाराने.

निळाई
@पाणवठा, क्लिक हे रिपोर्टिंगचं साधनही त्यात घाला. ऑगस्ट २०२३ मध्ये क्लिक सेन्समध्ये दोन त्रुटी बाहेर आल्या, दुरुस्ती आली, मग त्या दुरुस्तीलाच वळसा घालता येतो हे कळलं आणि सप्टेंबरमध्ये सीव्हीई-२०२३-४८३६५ आलं. त्या वर्षाअखेरीस कॅक्टस नावाच्या खंडणीखोर टोळीने क्लिकमधूनच कंपन्यांमध्ये शिरकाव केल्याचं समोर आलं. 'पॅच टाकलाय' एवढं उत्तर मला पुरत नाही ते यामुळे. कोणता, आणि त्यानंतरचा आला का?

आडवातिडवा
सगळ्यांचे आभार. नियम घातला, स्नॅपशॉट झाला, बाहेरचा रस्ता फायरवॉलवर बंद केला. ग्राहकांचे फोन सुरू झालेत, त्यांना 'देखभालीचं काम' सांगितलंय.

आयआयएसचे लॉग काढून बसलोय आणि हाती फार लागत नाहीये. तीन महिन्यांपलीकडच्या फाइल एक स्क्रिप्ट आपोआप पुसते. उरलेल्यांत स्टार्टअप/रजिस्टरवर पोस्टच्या ओळी आहेत, पण सगळ्यांचा आयपी एकच, आणि तो आमच्याच लोड बॅलन्सरचा (बाहेरच्या विनंत्या सर्व्हरकडे पोचवणारा मध्यस्थ)! आणि त्या पोस्टमध्ये कोणतं युजरनेम पाठवलं तेही दिसत नाही.

जुनी_खोड
रिक्वेस्टच्या पोटात काय होतं ते आयआयएस लिहीत नाही. पत्ता, वेळ, स्टेटस, इतकंच. वेळ वाचताना लक्षात ठेवा, डब्ल्यू३सी नमुन्यातला लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतो. स्थानिक वेळ समजून लोक भलत्याच रात्रीपाळीवाल्याला धरून बसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

खरा आयपी लोड बॅलन्सर 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या हेडरमधून पुढे पाठवत असेल, तर तो आयआयएसच्या लॉगमध्ये वेगळा रकाना म्हणून घेता येतो. आजपासून घ्या. मागचं शोधायला लोड बॅलन्सरचे स्वतःचे लॉग मागा, ते बहुधा दुसऱ्या टीमकडे आणि जास्त काळ ठेवलेले असतात.

दुसरी जागा म्हणजे प्रोसेस. आयआयएसचा वर्कर, डब्ल्यू३डब्ल्यूपी, त्याच्या पोटातून कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल जन्माला आलंय का? विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये घटना ४६८८ (नवी प्रोसेस सुरू झाल्याची नोंद), अर्थात तिचं ऑडिट चालू असेल तर. अँटिव्हायरसच्या वरचं काही, ईडीआर (मशीनवरच्या हालचालींवर पाळत ठेवणारं साधन) वगैरे, असेल तर त्यात ही साखळी थेट दिसेल. रिपोर्ट काढणाऱ्या सर्व्हरला पॉवरशेल उघडायचं सहसा काही कारण नसतं.

चौकस
पण लॉगच नसतील आणि ते एक अनोळखी खातं सोडून काहीच नसेल तर? ते एजन्सीच्याच कुणी बनवलेलं असू शकतं ना. नावात सपोर्ट आहेच.

निळाई
असू शकतं. आणि उलटही लक्षात घे: खातं नसणं हाही पुरावा नव्हे. अ‍ॅडमिन झालेला माणूस काम उरकून स्वतःचं खातं पुसून जाऊ शकतो. म्हणून 'यादी बघितली, सगळे ओळखीचे' एवढ्यावर तपास संपवू नये.

@आडवातिडवा, त्या मशीनचे मासिक बॅकअप आहेत का? असतील तर एकेक बॅकअप वेगळ्या ठिकाणी, नेटवर्क कार्ड काढून, उभा करा आणि युजर्सची यादी बघा. लॉग गेले असले तरी खातं कोणत्या महिन्यात उगवलं ते कळेल. नेटवर्क कार्ड काढायला विसरू नका, नाहीतर जुना सर्व्हर जागा होऊन साठलेले सगळे शेड्यूल रिपोर्ट पुन्हा ग्राहकांना मेल करत सुटेल.

पाणवठा
+१. बॅकअपची ही युक्ती वाचनखूण म्हणून साठवली.

बेधुंद_बिट
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

आडवातिडवा
निळाईताई, तुम्हाला साष्टांग. बॅकअप महिन्याच्या शेवटच्या रविवारचे होते. मे २०२४ च्या बॅकअपमध्ये ते खातं नाही. जूनच्या बॅकअपमध्ये आहे. तीन जूनला सगळं जगजाहीर झालं आणि त्याच महिन्यात हे खातं. एजन्सीतल्या जुन्या माणसाला फोन लावला, त्याच्या म्हणण्यानुसार ते लोक मे महिन्यापासून नवीन खाती बनवतच नव्हते, कंत्राटाची कुरबुर चालू होती.

पुढचं: मॅनेजरसाहेब आता म्हणतायत, ठीक आहे, घुसला होता, पण खातं बंद केलं, अपग्रेड करू, झालं. मला पटत नाहीये, पण त्यांना पटेल असं कसं सांगू?

जुनी_खोड
एकच विचारा: 'जून २०२४ पासून आजपर्यंत या मशीनवर काय काय झालं ते आपण सांगू शकतो का?' उत्तर 'नाही' असेल, आणि तुमच्या लॉगवरून ते 'नाही'च आहे, तर त्या मशीनवर अपग्रेड करून ते पुन्हा वापरात आणायला कागदावर सही कुणाची? सहीचा विषय काढला की संभाषणाचा सूर बदलतो, अनुभव आहे.

नवीन मशीन. नवीन विंडोज. नवी आवृत्ती. जुनं मशीन बंद करून, डिस्क जपून ठेवा.

निळाई
सहमत, पण एक खाचखळगा सांगते, इथे हमखास पाय अडकतो. नवीन मशीन उभं करताना जुनं स्टोरेज जसंच्या तसं जोडायचा मोह होतो, कारण सगळे रिपोर्ट, शेड्यूल, फोल्डर आयते येतात. पण युजर्सही त्याच स्टोरेजमध्ये असतात! म्हणजे तुमचा सपोर्टवाला पाहुणा नव्या सर्व्हरवर सामानासकट हजर. त्यामुळे स्टोरेज कोरं ठेवा. रिपोर्टच्या मूळ फाइल सोर्स कंट्रोलमध्ये असतील तर तिथून घ्या. नसतील तर जुन्या स्टोरेजमधल्या घ्याव्या लागतील, पण आधी टीआरडीपी झिपसारखी उघडून आतलं एक्सएमएल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये वाचा. डिझायनरमध्ये उघडू नका, आज्ञा तिथेही चालू शकते. मे २०२४ चा बॅकअप तुमच्याकडे आहे हे नशीब समजा. त्यातली फाइल आणि आजची फाइल यांची तुलना करा, ज्या जुळतील त्या निर्धास्त घ्या, न जुळणाऱ्यांवर वेळ घालवा.

एन्क्रिप्शनच्या जुन्या किल्ल्याही नव्या वेब कॉन्फिगमध्ये कॉपी करू नका. साध्या अपग्रेडमध्ये त्या जपायच्या असतात, इथे नेमकं उलटं.

आणि आता माझा प्रांत: पासवर्ड. जितके डेटा सोर्स, तितके पासवर्ड बदला. मेल पाठवायचा एसएमटीपी पासवर्ड, सर्व्हिस अकाउंटचा, सगळे. इथे रड येते ती अशी की रिपोर्टसाठीचं डेटाबेस लॉगिन आणखी कुठल्या कुठल्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये वापरलंय ते कुणालाच माहीत नसतं. पासवर्ड बदलला की गोदामाची स्क्रीन बंद पडते, मग कुणीतरी वरून ओरडतं आणि जुना पासवर्ड परत येतो. त्यापेक्षा नव्या रिपोर्ट सर्व्हरसाठी प्रत्येक डेटाबेसवर नवीन, फक्त वाचायचे अधिकार असलेलं लॉगिन बनवा. मग जुन्या लॉगिनवर कोण कोण येतंय त्याची नोंद ठेवा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मुळात फक्त फसलेल्या लॉगिनचीच नोंद होते, यशस्वी लॉगिनची नाही. ती सेटिंग बदला, मशीनचा आयपी दिसेल; किंवा ऑडिट लावा, नव्या आवृत्त्यांत प्रोग्रॅमचं नावही दिसेल. एकेकाला नव्या लॉगिनवर हलवा. हे रेंगाळू देऊ नका. तारीख ठरवून जुनं बंद करा, कारण तोवर त्या पाहुण्याकडचा पासवर्ड चालू आहे.

त्या जुन्या लॉगिनला 'एसए' (डेटाबेस सर्व्हरचा सर्वाधिकारी) दर्जाचे अधिकार दिले होते असं कळलं तर मला सांगू नका, झोप उडेल.

आडवातिडवा
ताई, झोपा तुम्ही. 😅 (हो. दोन डेटाबेसवर.)

निळाई
मग प्रश्न त्या डेटाबेस सर्व्हरचाही आहे. एक्सपी_सीएमडीशेल (डेटाबेसमधून विंडोजच्या आज्ञा चालवायची सोय) मुळात बंद असतं, ते कुणी चालू केलंय का बघा. अनोळखी लॉगिन, अनोळखी एजंट जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आहेत का तेही. ते दोन सर्व्हर 'बहुधा ठीक' मानून पुढे जाऊ नका.

खडूस
सगळ्याच उत्पादनांमध्ये 'सेटअप झाल्यावर सेटअपचं पान बंद करा' इतकी साधी ओळ कशी राहते हे मला अजून उमगलेलं नाही. लॉगिनच्या पानावर कॅप्चा, दोन पायऱ्यांची पडताळणी, आठवड्याला पासवर्ड बदला. आणि शेजारी एक पान, जिथे लॉगिनच नको.

पाणवठा
@खडूस, राहते कारण त्या पानाला लॉगिन लावताच येत नाही. पहिला अ‍ॅडमिन बनण्याआधी लॉगिन करणार कोण? म्हणून त्याला मुद्दाम सूट दिलेली असते. ती सूट 'अ‍ॅडमिन अजून नाही' या अटीला बांधायची असते आणि ती अट लिहायची राहते. पान वेबवरून दिसेनासं केलं की लिहिणाऱ्याला वाटतं झालं, कारण चाचणी करणाराही ब्राउझरमधूनच बघतो. आम्ही आता कोणतंही नवीन साधन घेतलं की सेटअप संपल्यावर सेटअपचे सगळे पत्ते ब्राउझर सोडून थेट मागून बघतो. अर्थात स्वतःच्याच सर्व्हरवर, दुसऱ्याच्या नव्हे.

चौकस
हे आमच्याकडे करून बघतो. एका साधनात सेटअपचा पत्ता २०० (म्हणजे 'ठीक') देतोय, पण पान रिकामं येतंय. घाबरू का?

पाणवठा
पान रिकामं हे ब्राउझरचं म्हणणं झालं. पोस्ट पाठवल्यावर काय होतं ते चाचणीच्या सर्व्हरवर बघा. नकार यायला हवा, ४०३ किंवा ४०४. तोवर रिव्हर्स प्रॉक्सीवर (सर्व्हरच्या पुढे उभा मध्यस्थ) तो पत्ता बंद ठेवा, काही बिघडत नाही.

आडवातिडवा
सध्याची स्थिती लिहितो, नंतर शोधत येणाऱ्यांना उपयोग होईल.

सहीची मात्रा लागू पडली, नवीन मशीन मंजूर झालं. रिपोर्ट मे महिन्याच्या बॅकअपशी ताडून घेतले. बहुतेक जुळले, न जुळलेले सगळे ओळखीच्या लोकांनी नंतर बदललेले निघाले, आत काही विचित्र नव्हतं. जुन्या मशीनवर पॉवरशेलच्या खुणा सापडल्या नाहीत, पण ४६८८ चं ऑडिट बंदच होतं, त्यामुळे याला मी निर्दोषत्वाचा दाखला मानत नाही. डेटाबेसची नवी लॉगिन झाली. एसएवाली दोन्ही जुनी लॉगिन बंद केली आणि कुणीही ओरडलं नाही! ग्राहक आता कंपनीच्या सिंगल साइन-ऑनमागून येतात, सर्व्हर थेट बाहेर नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात अचानक हाती लागली. शेड्यूल हाताने परत लावताना प्रत्येकाचे मेल पत्ते तपासत होतो. एक पत्ता बाहेरच्या डोमेनचा. आधी वाटलं, हाच आपला पाहुणा. चौकशीअंती निघाला एक जुना ग्राहक, व्यवहार बंद करून गेलेला. दर सोमवारी सकाळी त्याला विक्रीचा रिपोर्ट जात होता, त्यात दुसऱ्या ग्राहकांचेही आकडे. हे शेड्यूल मे २०२४ च्या बॅकअपमध्येही आहे, म्हणजे त्या भोकाशी याचा काही संबंध नाही.

सावकाश
अरे देवा. हे समितीत कोणत्या रकान्यात बसतं?

जुनी_खोड
बदलाच्या नाही, घटनेच्या. वेगळी घटना म्हणून नोंदवा, पहिल्या प्रकरणात मिसळू नका. शेड्यूल नव्या सर्व्हरवर लावूच नका. जुन्या सर्व्हरवरची पाठवल्याची नोंद आणि मेल सर्व्हरचे लॉग आजच बाजूला काढा, तेही कुठलीतरी स्क्रिप्ट पुसत असेल. ज्यांचे आकडे गेले त्यांना कळवायचं का आणि किती दिवसांत, ते कायदा विभागाला ठरवू द्या, पण त्यांना आज सांगा.

आडवातिडवा
मेल सर्व्हरची स्क्रिप्ट थांबवली. कायदा विभागाची बैठक दुपारी आहे, तोवर कुठले आकडे गेले त्याची यादी करतोय.